दुर्मिळ रोग की न शोधलेला रोग?



कोरेगावच्या या बैठकीत आपण ज्वारी-कापसाच्या भावावर बोलणारच आहोत. पण भाव घ्यायला माणूस जगला पाहिजे, म्हणून आधी हे.

कपाशीवरचा लाल कोळी आपण पान उलटून ओळखतो. त्याच्याच गोतातला एक कोळी माणसाला चावतो, तो मात्र आपल्याला कोणी दाखवला नाही. बांधावरच्या गवतात, झुडपांत, उंदरांच्या वावरात त्याची जेमतेम दिसणारी पिल्ले असतात. खुरपताना, वैरण कापताना ती अंगावर चढतात. चावल्याचे कळतही नाही. त्यातून एक जंतू अंगात शिरतो आणि आठ-पंधरा दिवसांत ताप भरतो. याचे नाव स्क्रब टायफस. वेळेवर औषध मिळाले नाही तर बारीक रक्तवाहिन्या सुजतात, फुप्फुसात पाणी साचते, दम लागतो, काहींच्या हृदयाच्या स्नायूलाही सूज येते.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपासच्या विदर्भात या रोगाने माणसे दगावली. तो आपल्यासारख्याच कोरडवाहू, कापसाचा मुलूख.

साहेब लोक म्हणतात, रोग दुर्मिळ आहे. आम्ही विचारतो, शोधला किती जणांत? कचेरीत बसून आणेवारी लावली की दुष्काळ नाहीसा होतो, तसेच हे. ज्याची तपासणी नाही तो रोग कागदावर दुर्मिळच राहणार.

यावर औषध नाही असेही नाही. डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. कीटकनाशकाच्या बाटलीपेक्षा स्वस्त! गरोदर बाईसाठी अझिथ्रोमायसिन आहे. उलट पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन गटातल्या महागड्या सुयांना हा जंतू दाद देत नाही. म्हणजे सलाईनवर सलाईन चढते, बिल वाढते, बैल विकला जातो आणि ताप तसाच राहतो.

ओळखही अवघड नाही. चावलेल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. प्रत्येकात ती सापडतेच असे नाही, पण शोधायला काय लागते? ती असते काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली. खुरपणीला सगळ्यात जास्त बायाच असतात आणि त्यांचीच अंगे कोणी तपासत नाही. नाडी पाहिली, सुई टोचली, चला पुढे!

आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. पावसाळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत तापाच्या प्रत्येक रोग्याचे अंग तपासा. बायांसाठी आडोसा आणि नर्सबाई हवी.

२. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिन शिल्लक ठेवा. संशय आला की तपासणीच्या कागदाची वाट न पाहता उपचार सुरू करा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१५ ची सूचनाही हेच सांगते.

३. जिल्ह्याच्या ठिकाणी एलायझा तपासणी करा आणि सापडलेल्या रोग्यांचा आकडा जाहीर करा.

आपणही अंगभर कपडे घालावेत, गवतावर लोळू नये, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. ताप आला तर डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, "मी गवतात काम केलंय. अंगावर काळी खपली आहे का, बघा."

हे सांगायला लाजू नका. लाज ज्यांनी बघितले नाही त्यांना वाटू द्या.