राखणदारांचा पगार

सरकारी आणि कोमुनिदादींच्या जमिनींवर २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी उभी राहिलेली घरे नियमित करता यावीत, यासाठी गोवा विधानसभेने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कायद्यांत दुरुस्त्या केल्या आणि पुढे ‘म्हजें घर’ या नावाने योजनाही वाजतगाजत सुरू झाली. या धोरणाच्या बऱ्यावाइटाविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. एका प्रश्नाकडे मात्र सभागृहातील दोन्ही बाजूंचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. अमुक घर त्या तारखेच्या आधीचे की नंतरचे, ते किती चौरस मीटर जागेत आहे, मागची शेड मूळ घराची की काल-परवा चढवलेली, याचा निवाडा मंत्री करणार नाहीत आणि सचिवही करणार नाहीत. तो प्रत्यक्षात होणार तलाठी, मंडळ निरीक्षक आणि भूमापक यांच्या अहवालावर. चिखल तुडवत जागेवर जाणारा, फीत धरणारा, पंचनामा लिहिणारा हा माणूस सरकारी मालमत्तेचा खरा राखणदार होय. त्याला आपण किती पगार देतो, आणि तो कशाच्या आधारे ठरवतो?

गावच्या वेशीवरच्या राखणदाराला वर्षातून एकदा रोट दिला की तो संतुष्ट असतो अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. सरकारी राखणदाराला घर आहे, मुले आहेत, मुलांच्या शाळा आहेत. त्याचा हिशेब श्रद्धेवर सोडून चालणार नाही.

आकडे पाहू. गोवा सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू केल्या. त्या आयोगाच्या तक्त्यात अठरा पायऱ्या असून तळाची पायरी १८,००० रुपयांची आणि शिखरावरची अडीच लाखांची आहे. महाराष्ट्रात तलाठ्याची श्रेणी २५,५०० ते ८१,१०० अशी आहे. केंद्राच्या तक्त्यात तिची जागा चौथ्या पायरीवर येते. २०२४ च्या जानेवारीत केंद्राचा महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला. तो हिशेब धरला तर या पायरीवर नव्याने लागलेल्या माणसाला मूळ वेतन २५,५००, महागाई भत्ता १२,७५० आणि वीस टक्के दराने घरभाडे ५,१०० मिळून ४३,३५० रुपये होतात. त्यातून नव्या निवृत्तिवेतन योजनेचे दहा टक्के, म्हणजे ३,८२५ रुपये, वजा होतात. हाती साधारण साडेएकोणचाळीस हजार उरतात. प्रवासभत्ता वेगळा, पण तोही दुचाकीच्या पेट्रोलला पुरला तर नशीब.

ही रक्कम उपाशी ठेवणारी नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे. खाजगी दुकानात बारा तास उभे राहणाऱ्या पदवीधराला यातले निम्मेही मिळत नाही. महाराष्ट्रात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार उभे होते. तेव्हा ‘बिचाऱ्यांना पोटापुरते मिळत नाही म्हणून हात पसरावा लागतो’ ही जी समजूत करुणेने सांगितली जाते, ती आम्हांला मान्य नाही. पगार कमी असणे हे एक दुखणे असेल, परंतु तो चुकीच्या गोष्टींवर ठरतो हे त्याहून मोठे दुखणे आहे.

पगार कशावर ठरतो? भरती कोणत्या पायरीवर झाली, यावर. नोकरीची वर्षे किती झाली, यावर. दर वर्षी तीन टक्क्यांची वाढ मिळते. २५,५०० चे दुसऱ्या वर्षी २६,३०० होतात, आणि चौथ्या पायरीच्या शेवटच्या घरात पोचायला ३९ वर्षे लागतात. बढती न मिळाल्यास दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरच्या पायरीवर सरकवण्याची सोय केंद्रात आहे. घरभाडे ठरते शहराच्या लोकसंख्येवर. गोव्यातील एकाही शहराची वस्ती पाच लाखांच्या घरात नाही, तेव्हा नियमाने सर्वांत खालचा दर लागला असता. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मात्र गोव्यासाठी खास आदेशाने मधला दर मिळतो. पणजी आणि म्हापशातील आजची भाडी ज्यांनी मोजली आहेत, ते या मधल्या दरालाही हसतील. आणि माणूस राज्याच्या सेवेत आहे की केंद्राच्या, हा तर सर्वांत मोठा घटक.

मुरगाव बंदरावर काम करणारा सीमाशुल्क खात्याचा निरीक्षक घ्या. तोही पदवीधर, तोही तपासणीस, त्याच्याही सहीने माल सुटतो वा अडतो. तो सातव्या पायरीवर लागतो आणि त्याचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. वरच्याच दराने भत्ते धरले तर त्याच्या हिशेबाची बेरीज ७६,३३० होते. चौथ्या पायरीवरच्या माणसाशी त्याचे अंतर पहिल्याच महिन्यात बत्तीस हजार नऊशे ऐंशी रुपयांचे. सीमाशुल्काच्या निरीक्षकाला जास्त मिळते अशी आमची तक्रार नाही. त्याची परीक्षा कठीण आहे आणि जोखीमही आहे. पण बंदरावरची एक पेटी चुकीने सुटली तर सरकारचा काही हजारांचा, फार तर लाखांचा कर बुडतो. गावातील एक सर्व्हे नंबर चुकीच्या नावावर चढला तर टेकडी जाते, झरा जातो, खाजन जाते, आणि गेलेले परत मिळवायला दोन पिढ्या न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार हक्कनोंदणीतील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. एक-चौदाच्या उताऱ्यावरील एका ओळीचे वजन केवढे आहे, हे यावरून ध्यानी यावे. ती ओळ लिहिणाऱ्याच्या पगाराच्या तक्त्यात या वजनाला एक रुपयाचेही स्थान नाही. पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्‌घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले, आजूबाजूच्या जमिनींचे भाव आभाळाला टेकले. तलाठ्याची पायरी होती तिथेच राहिली.

आणखी एक गोष्ट पगारात मोजली जात नाही, ती म्हणजे विद्या. गोव्यातील जमिनीचा इतिहास पोर्तुगीज भाषेत लिहिलेला आहे. मात्रीजचे ग्रंथ, इन्व्हेंतारचे कागद, आफ्रामेंतच्या सनदा, कोमुनिदादींच्या बैठकांची इतिवृत्ते हे सारे ज्यांना वाचता येते अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पूर्वी कोमुनिदादीच्या एस्क्रिवांवला गावचा बांध न् बांध तोंडपाठ असे, आणि तो शेणवी असो की पाद्र्याचा भाचा, पोर्तुगीज त्याला येतच असे. आज तपासणीला जाणाऱ्या तरुणाला ते कागद दाखवले तर तो ते उलटे धरील. दोष त्याचा नाही; त्याला कोणी शिकवले नाही, आणि शिकला असता तरी त्याच्या पगारात फरक पडला नसता.

या अज्ञानाचा भाव आपण नुकताच मोजला आहे. मालक निवर्तलेले किंवा परदेशी गेलेले पाहून, जुन्या दस्तऐवजांत खोटे कागद घुसवून जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी वाढली की जून २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावे लागले, आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोगही नेमावा लागला. त्या आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. खोट्या कागदाची शाई आणि भाषा पाहताच ‘हे बनावट आहे’ असे म्हणणारा एखादा जाणता माणूस वेळीच खुर्चीवर असता, तर त्यातील किती प्रकरणे दारातच अडली असती! अशा माणसाला महिना पाच हजार रुपये अधिक दिले असते तर तिजोरीचे काय बिघडले असते, असा प्रश्न अर्थखात्याला विचारावासा वाटतो.

उघड पगाराबरोबर एक अदृश्य हिशेबही चालतो. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारींनी गोवा ढवळून निघाला आणि धरपकड झाली. त्यातील बरेचजण फसवले गेले, त्यांना नोकरी मिळालीच नाही. पण ज्या समाजात नोकरीसाठी पैसे मोजावे लागतात यावर इतक्या जणांचा विश्वास बसतो, तेथे तो विश्वास हवेतून आलेला नसतो. वडिलांचे कुळागर गहाण टाकून जर कोणी तपासणीसाची खुर्ची घेतली असेल, तर त्याचा पगार ४३ हजार असो की ७६ हजार, त्याला प्रथम कुळागर सोडवायचे असते. वेतन आयोगाच्या कोणत्याही पायरीवर त्याची सोय नाही. ती सोय अर्जदाराच्या दारात होते. म्हणून पगार वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी भरती स्वच्छ करा असेही त्याच आवाजात म्हटले पाहिजे. कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ साली झाला. या जागा त्या आयोगाच्या परीक्षेवाचून भरल्या जाऊ नयेत.

अर्थशास्त्रकार कौटिल्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले, हे सर्वांना ठाऊक असते आणि व्याख्यानांत ते हमखास येते. त्याच ग्रंथात अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत वेतनांची सविस्तर यादी आहे, आणि मोहात पडू नये इतके वेतन द्यावे असा विचारही आहे, हे सांगायला वक्त्यांना वेळ मिळत नाही. (त्याच्या यादीत वरच्याचे आणि खालच्याचे प्रमाण आठशेला एक होते, आपल्या सातव्या आयोगाचे सुमारे चौदाला एक आहे. एवढी प्रगती आम्ही आनंदाने मान्य करतो.) आपल्या मुलखात कुलकर्णी, पाटील यांना वतने होती; वतन होते म्हणून वचक होता आणि वतन होते म्हणून जुलूमही होता. महाराष्ट्रात १९५० नंतर ती वतने कायद्याने गेली आणि पगारी तलाठी आला. त्याला हल्ली तिकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणू लागले आहेत. नाव लांबले, पण सजे तेवढेच राहिले.

कंत्राटी नेमणुकांविषयी थोडक्यात. समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पष्ट केले. तरीही ठोक रकमेवर माणसे घेण्याचा मोह सरकारला सुटत नाही. टंकलेखनाला कंत्राटी माणूस चालेल. सरकारी जमिनीची सीमा ठरवायला अकरा महिन्यांचा माणूस चालणार नाही. पुढच्या नेमणुकीसाठी ज्याला आमदारांच्या दारी जायचे आहे, तो त्या आमदारांच्या कार्यकर्त्याचे कुंपण कसे मोजणार?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा बांधकामांची दखल स्वतःहून घेऊन मार्च २०२५ मध्ये कडक निर्देश दिले, तेव्हा जबाबदारीचा रोख गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांकडे वळला. ते रास्तच आहे. पण ज्याच्या डोक्यावर एकीकडे न्यायालय, दुसरीकडे पंच आणि तिसरीकडे गावचा बिल्डर, त्याच्या हाती काय दिले आहे? गाडी नाही. मोजणीचे आधुनिक यंत्र मागावे तर भूमापन कार्यालयाची रांग. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजे. निवडणूक आली की मतदार याद्या, पूर आला की पंचनामे. अहवाल खरा लिहिल्याबद्दल बदली झाली तर दाद मागायला स्वतःच्या खिशातून वकील. उलट अहवाल खोटा लिहिला तर शिक्षा होण्याचा संभव इतका कमी की प्रामाणिकपणा हा हिशेबाने तोट्याचाच व्यवहार ठरतो. असे असूनही अनेक तलाठी आणि भूमापक सचोटीने काम करतात. तो केवळ त्यांच्या घरच्या संस्कारांचा भाग आहे, शासनाने त्याचे श्रेय घेऊ नये.

घर नियमित करून घेऊ पाहणाऱ्या आमच्या वाचकांनाही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जुलमाने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवण्याची तरतूद आहे. ‘साहेबांना चहापाणी’ हा शब्दप्रयोग आता निरुपद्रवी राहिलेला नाही.

केंद्राने आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये केली आणि त्याची सूत्रे न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्याकडे सोपवली. अहवालासाठी त्यांना अठरा महिने देण्यात आले. त्यानंतर गोवा सरकार तो स्वीकारील, थकबाकीचे हप्ते पाडील, संघटना पेढे वाटतील. या सगळ्यात तलाठ्याची पायरी वरची असावी की नाही, याचा विचार दिल्लीत कोणी करणार नाही, कारण तलाठी हा दिल्लीचा नोकरच नव्हे. तो विचार पर्वरीला करावा लागेल. मंडळ निरीक्षक, तलाठी व भूमापक यांच्या श्रेणींचा फेरविचार. पोर्तुगीज दस्तऐवजांचे वाचन उत्तीर्ण होणाऱ्यास कायम भत्ता. प्रत्यक्ष फिरतीच्या किलोमीटरवर प्रवासखर्च. आणि प्रत्येक तपासणीचा अहवाल तारीख व नाव घालून जनतेस पाहता येईल अशी सोय, एवढे तर येत्या अर्थसंकल्पात करता येईल. ‘म्हजें घर’चे अर्ज मामलेदार कचेऱ्यांत साचू लागण्याआधी ते व्हावे, अशी आमची मागणी आहे.