सत्कार वस्तीतच व्हावा

पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहून हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. २०१६ मध्ये त्यांच्या ‘स्लम सॉकर’ संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये त्यांच्यावरचा ‘झुंड’ चित्रपट आला आणि सर घरोघरी पोचले. पण मैदानावर फक्कीच्या रेघा ओढणारी, चेंडूत हवा भरणारी, न आलेल्या पोराला घरून बोलावून आणणारी माणसं कुणाला ठाऊक असतात? शाल-श्रीफळ सहसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मनापासून खुपतं. महापालिकेचे १० झोन आहेत. प्रत्येक झोनने रहिवाशांना विचारून दरवर्षी असा एक तरी स्वयंसेवक निवडावा आणि त्याचा सत्कार त्याच्याच वस्तीत करावा.