तारीख वाचा, मगच पिशवीत टाका

भगिनींनो, मागच्या रमजानमधली एक गोष्ट सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगायलाच हवी.

देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसे किराणा दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली खाला म्हणते. इफ्तारला अर्धा तास उरला होता. घरात बेसन संपलेले आणि पाहुण्या आलेल्या भाचीच्या दहा महिन्यांच्या बाळाचे डब्यातले अन्नही संपलेले. आम्ही धावत गेलो, दोन्ही वस्तू घेतल्या, खात्यावर लिहायला सांगितले आणि परत आलो. नमाजनंतर भाचीने डबा उघडण्यापूर्वी उलटून पाहिला. किमतीचे चिकटपट्टीसारखे लेबल तारखेवरच लावलेले होते. तिने नखाने ते खरवडले. मुदत संपून दोन महिने झाले होते.

आम्ही डबा परत नेला. खाला भांडल्या नाहीत, मान खाली घालून म्हणाल्या, "बेटा, एजन्सीवाला माल परत घेत नाही. हा फेकला तर चार दिवसांची कमाई गेली." आम्हाला वाईट वाटले. डबा ठेवून वहीतली रक्कम खोडून घेतली आणि घरी आलो. आपले काम झाले होते. चार दिवसांनी तोच डबा फळीवर पुन्हा दिसला, निम्म्या किमतीत. आणि आणखी दोन दिवसांनी तो तिथे नव्हता. कोणत्या घरी गेला, कोणत्या बाळाच्या वाटीत गेला, ते आम्हाला आजही माहीत नाही. निम्म्या किमतीचा डबा कोण घेते, हे मात्र आपल्या सर्वांना माहीत आहे.

म्हणून या महिन्यात पाकिटावरच्या तारखेविषयी.

दोन तारखा, दोन अर्थ

पाकिटावर साधारण तीन प्रकारचे उल्लेख दिसतात. पहिला, माल बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख. दुसरा, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय', म्हणजे वापरण्याची शेवटची तारीख. तिसरा, 'बेस्ट बिफोर', म्हणजे या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्यात बरेच जण गल्लत करतात.

'यूज बाय' ही सुरक्षिततेची रेघ आहे. ती ओलांडलेले दूध, पनीर, मांसाचे पदार्थ किंवा बाळाचे अन्न वास चांगला येत असला तरी वापरू नये. आजार करणारे जंतू नेहमी वास देऊन येत नाहीत. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची रेघ आहे. ती उलटून आठवडा झालेला बिस्किटाचा पुडा नरम लागेल, पण नीट ठेवलेला असेल तर तो विष होत नाही. असा पुडा घाबरून कचऱ्यात टाकणे हाही अपव्ययच आहे, आणि अन्नाची नासाडी आपल्या दीनला मान्य नाही. म्हणून तारीख वाचतानाच ती कोणती तारीख आहे, तेही वाचावे.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटबंद मालावर बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि एक्सपायरी या दोन्ही द्याव्या लागतात. 'बेस्ट बिफोर' कंपनीने जोडीला द्यायचे असेल तर द्यावे. काही जिन्नसांना सूट आहे, पण रोजच्या बहुतेक मालाला हे लागू आहे. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना, वर्ष असे सगळे हवे. त्याहून जास्त टिकणाऱ्यावर महिना आणि वर्ष चालते.

सुट्या मिठाईचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावणे बंधनकारक आहे. ईदच्या गर्दीत बर्फी घेताना ती चिठ्ठी शोधा. दिसली नाही तर विचारा.

परदेशी डबे आणि आपला उन्हाळा

आपल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी सौदी, कुवेत किंवा दुबईत असते. त्यांच्याबरोबर दूध पावडर, खजूर, चॉकलेट येते. त्यावर कधी अरबी अंक असतात. ज्यांना ते अंक येत नाहीत त्यांची फसगत होते, कारण अरबी पाच गोल शून्यासारखा दिसतो, सहा इंग्रजी सातासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. घरात कुरआन शरीफच्या आयतींचे क्रमांक वाचणारी आजी असेल तर डबा तिच्या हातात द्या. अमेरिकेतून आलेल्या वस्तूवर आधी महिना आणि मग दिवस असतो, हेही ध्यानात ठेवा. बाजारात विकायला आलेल्या परदेशी मालावर मात्र भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असायला हवा. तो नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट धुळेकरांनी विसरू नये. पाकिटावरची तारीख एका अटीवर छापलेली असते. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही ती अट. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दाराशी उन्हात टांगलेल्या वेफरच्या माळा, पत्र्याच्या टपरीतले चॉकलेट, फ्रीजबाहेर तासभर राहिलेली दुधाची पिशवी यांची छापील तारीख कागदावरच राहते. पाकीट एकदा उघडले की तीच गत. मग 'उघडल्यावर इतक्या दिवसांत वापरा' ही सूचना पाळायची. फुगलेला डबा किंवा फुगलेली टेट्रापॅक पिशवी तारीख शिल्लक असली तरी उघडू नये.

शेंगदाण्याविषयी वेगळे सांगतो, कारण खान्देशात तो भाजीत, चटणीत, सगळ्यांत असतो. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते भाजून किंवा उकळून पूर्ण जात नाही, आणि यकृताला घातक आहे. कडवट, काळपट, खवट दाणे निवडून बाजूला काढा, कूट करून लपवू नका.

विकणाऱ्याची जबाबदारी

२००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचे कलम २७ स्पष्ट आहे. मुदत संपलेला माल पुढे पाठवला तर वितरक जबाबदार, आणि मुदत संपलेला माल विकला तर विक्रेता जबाबदार. 'कंपनीने घेतला नाही' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. पण ते उत्तर खोटेही नसते. लहान दुकानदाराकडे उरलेला माल एजन्सी परत घेत नाही, आणि मग तो फळीच्या मागे, लेबलाच्या खाली, निम्म्या किमतीत सरकत राहतो. कुठे थिनरने जुनी तारीख पुसून नवी छापलीही जाते. असा माल पुन्हा बाजारात शिरू नये म्हणूनच प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये उत्पादक आणि आयातदारांना मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाची माहिती दर तीन महिन्यांनी देणे बंधनकारक केले.

हा दोष फक्त गल्लीतल्या दुकानांचा आहे असे समजू नका. जून २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावी येथील झेप्टो कंपनीच्या गोदामाचा परवाना निलंबित केला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी आढळली, आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा ठेवलेला नव्हता. मोबाईलवरून मागवलेल्या मालाबाबत प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितले होते की, घरी पोहोचताना मालाची किमान ३० टक्के मुदत किंवा एक्सपायरीला किमान ४५ दिवस शिल्लक असावेत. पिशवी दारात आली की तारीख तिथेच पाहावी.

आपण काय करावे

लेबलावर लेबल दिसले की खालचे पाहा. तारीख पुसट, खरवडलेली किंवा दोनदा छापलेली असेल तर वस्तू घेऊ नका. चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. औषधाची पट्टी कापून घेताना तारखेचा तुकडा दुकानात राहतो, म्हणून तो भाग मागून घ्या किंवा तारीख लिहून घ्या. बिल मागा, निदान कागदावर दिनांक आणि वस्तू लिहून घ्या. मुदत संपलेली वस्तू मिळाली तर पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढा. आधी दुकानदाराशी बोला. ऐकले नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते. नुकसान झाले असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

आता खालांकडे परत येऊ. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकतो. तारखेवर चिकटवलेले किमतीचे लेबल म्हणजे तीच खालची ओल, हे त्या रात्री कळले. आणि डबा फळीवर पुन्हा दिसूनही आम्ही गप्प राहिलो, म्हणजे त्या ओलीवर आम्हीही मूठभर कोरडे धान्य टाकले.

ईदनंतर गल्लीतल्या आम्ही चौघीजणी खालांकडे गेलो. फळ्या उतरवल्या, एकेक पाकीट उलटून पाहिले. मुदत संपलेला माल एका खोक्यात काढला, त्यावर 'विक्रीसाठी नाही' असे मोठ्या अक्षरात लिहिले. त्यातला खराब माल पाकिटे फाडून टाकून दिला, म्हणजे कोणी पुन्हा विकू नये. ज्यांची मुदत महिनाभरात संपणार होती ती पुढे मांडली आणि तारीख दाखवून, किंमत कमी करून विकायला सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही नाही. एजन्सीच्या माणसाशीही बोललो. तो सगळे परत घ्यायला तयार नाही, पण मुदतीच्या महिनाभर आधी सांगितले तर काही माल बदलून देतो. खालांचे नुकसान झालेच. आम्ही वर्गणी काढून थोडे भरून दिले, थोडे त्यांनी सोसले.

आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला असर नंतर आमच्यापैकी कोणी तरी त्यांच्या फळ्या बघायला जाते. खालांना बारीक अक्षर दिसत नाही, हे आम्हाला तेव्हाच कळले. तुमच्या गल्लीतही एखाद्या खाला असतील. या महिन्यात एकदा त्यांच्या दुकानात चष्मा घेऊन जा.