गृहपाठ कोणाचा? मुलाचा कीं घराचा?

गृहपाठांतील गणितें मुलांनीं कोणाच्याही मदतीवांचून सोडवावीं, मदत घेणें म्हणजे आळसास खतपाणी घालणें होय, असें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. हें मत मांडणाऱ्यांच्या घरीं मदत आधींच हजर असते, हीच त्यांतील मेख आहे.

यवतमाळांतील प्राध्यापकाचा किंवा वकिलाचा मुलगा भौतिकशास्त्राच्या उदाहरणापाशीं अडला, तर जेवतांना वडिलांस विचारतो. त्यास कोणी मदत म्हणत नाहीं. घरचे संस्कार म्हणतात! घाटंजी वा झरी जामणीकडील एखाद्या मुलीचे आईबाप कापसाच्या वेचणीवरून दिवेलागणीस परततात. तिनें विचारावें कोणास? तिची वही कोरी राहते, आणि दुसरे दिवशीं त्याचें खापर तिच्या बुद्धीवर फुटतें. अशा गृहपाठांत परीक्षा होते ती घराची, मुलीची नव्हे.

‘तयार उत्तरें आहेतच कीं,’ असें कोणी म्हणेल. आहेत खरीं. बाजारांत गाईडें आहेत, आणि आतां तर उदाहरणाचें छायाचित्र दाखवितांच मोबाईल उत्तर देतो. परंतु उत्तर म्हणजे मदत नव्हे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनीं १९४९ सालीं मांडलेला शोध पाहा. सारे अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर तीच क्रिया पुनः करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतें. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. येथें उत्तर सर्वांस आधींच ठाऊक आहे. तें सांगून कोणी शहाणा होत नाहीं. जो वजाबाकी करतो, त्यालाच गंमत कळते.

खरी मदत म्हणजे चूक पाहून विचारलेला पुढचा प्रश्न. वर फेकलेल्या दगडाची उंची सूत्रानें अचूक काढणारा विद्यार्थीही, सर्वोच्च बिंदूपाशीं त्वरण किती, असें विचारतां ‘शून्य’ म्हणतो. ‘मग दगड खालीं कां येतो?’ एवढें विचारलें कीं पुरे. बाकीचें तो स्वतःच करतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें शिक्षकांस खासगी शिकवणी वर्ज्य केली, हें योग्यच झालें. परंतु ज्याला शिकवणी परवडत नाहीं, त्यानें कोठें विचारावें, याची सोय त्या बंदीनें आपोआप होत नाहीं. म्हणून आमची मागणी एवढीच कीं, प्रत्येक माध्यमिक शाळेनें रोज एक तास केवळ विचारण्यासाठीं राखावा. त्याचा मोबदला शिक्षकास मिळावा. विद्यार्थ्यानें आपला चुकलेला प्रयत्न वहींत दाखवावा, आणि शिक्षकानें फक्त पुढची पायरी सांगावी.

हें होईपर्यंत आम्हां सुशिक्षितांची ओसरी तरी रिकामी कां असावी? आपल्या मुलास जें आपण जेवतांना देतों, तें शेजारच्या मुलीस देण्यास खर्च तो किती!