नुसते 'छान' पुरे नाही

गेल्या श्रावणात विचुंब्यात शेजारच्या मुलीने मोबाईलवर काढलेला कळलावीच्या फुलाचा फोटो आम्हाला दाखवला. घाईत आम्ही "छान" म्हणालो. तिचा चेहरा उतरला. "काका, चुकलं काय ते सांगा ना!"

मग नीट पाहिले. वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या स्पष्ट आल्या होत्या, हे आधी सांगितले. पण फोटो उभ्याने, वरून घेतलेला. खाली पसरलेले पुंकेसर झाकले गेले होते. दुपारच्या उन्हाने पिवळा रंग पांढरट झाला होता. "सकाळी जा, फुलाच्या उंचीला बस," आम्ही म्हणालो. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुंकेसरांसकट फोटो आणला!

वाचकहो, कोरड्या वाहवाने मूल तिथेच राहते, टवाळीने मागे हटते. गुण सांगा, दोष दाखवा, उपायही द्या. आणि आपला दोष कुणी दाखवला, तर आपणही ऐकून घेऊ या.