सडक्या काठीवरील रुपेरी केस

आमच्या इकडे अळंबें म्हटलें कीं पाऊस आठवतो. मेघदूतांत मेघाच्या गर्जनेनें शिलींध्रें उगवतात तींही पावसाच्या आरंभीं, माघांत नव्हे. म्हणून जर्मनींत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, हिवाळा सरतां सरतां रानांत हिंडून अळंबीं, दगडफुलें आणि बर्फ ह्यांचीं छायाचित्रें घेतल्याचें कळविलें, तेव्हां ह्या तिहींची मोट त्यानें कशी बांधली असा प्रश्न आम्हांस पडला. उत्तर त्यानें धाडलेल्या एका चित्रांतच होतें.

साल गळालेली, कुजूं लागलेली एक काठी पाचोळ्यांत पडली आहे आणि तिच्या अंगावर, नुकतेच विंचरले असावेत असे, रुपेरी केस आहेत. पाहणारास तें एखाद्या प्राण्याचें कातडें वाटावें. वस्तुतः तो बर्फ आहे! एकेका केसाची जाडी अवघी ०.०२ मिलिमीटर, आणि लांबी कधीं कधीं २० सेंटिमीटरपर्यंत.

भूखंड सरकतात असें १९१२ सालीं सांगून पुष्कळांचा उपहास सोसणारा हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर ह्यानेंच १९१८ सालीं ह्या केसांचें मूळ लांकडांतील कवकाच्या तंतूंत असावें असा तर्क केला. तर्क बरोबर होता. पण पुरावा मिळण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या जर्मन व स्विस संशोधकांच्या अभ्यासांत, केस धरणाऱ्या काठ्यांवर एकंदर अकरा जातींचीं कवकें सांपडलीं, परंतु प्रत्येक काठीवर हजर असें एकच. त्याचें नांव एक्सिडिऑप्सिस एफ्यूजा. ऊन पाण्यानें किंवा कवकनाशक औषधानें त्यास निष्क्रिय केलें, तर त्याच लांकडांतून बर्फ तेवढाच निघे, पण केस न होतां नुसती खपली धरे.

म्हणजे लांकडांतील पाणी ओढून बाहेर गोठविणें हें थंडीचें काम, कवकाचें निराळें. बारीक स्फटिकांनीं एकमेकांत मिसळून मोठें व्हावें, हा बर्फाचा स्वभाव. लांकूड कुजवितांना निर्माण होणारीं कांहीं द्रव्यें ह्या मिसळण्यास आड येत असावींत, असें संशोधकांचें मत आहे. व्याकरणांत प्रगृह्य स्वर संधि होऊं देत नाहींत, तसेंच हें. जन्मभर संधि शिकविणारास हा दाखला सुचल्यावांचून कसा राहील?

ऊन चढलें कीं सारें संपतें. तळहातावर घ्यावें, तर पाणी. मग छायाचित्रावांचून ही वस्तु घरीं आणणार कशी? दगडफुलाची गोष्ट उलटी: तें वितळत नाहीं, पण खरवडलें तर लवकर परत येत नाहीं. खडकांवर नकाशासारखी दिसणारी त्याची एक जात वर्षांत एक मिलिमीटरही वाढत नाहीं. तिचा तळहाताएवढा डाग शंभर वर्षांहून जुना असूं शकतो. दगडफूल म्हणजे एक वनस्पति नसून कवक आणि शैवाल ह्यांचा संसार आहे, असें १८६७ सालीं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर ह्यानें सांगितलें, तेव्हां त्या विषयांतील जाणत्यांनींच त्याची थट्टा केली. गोड्या मसाल्यांत आपण जें भाजून घालतों, तें ह्याच कुळांतलें. अमरकोशांत त्यास अश्मपुष्प म्हटलें आहे.

नुसतीं शोभेचीं चित्रें आम्हांस फारशीं रुचत नाहींत. केसांचें चित्र घ्यावें आणि काठी चौकटीबाहेर ठेवावी, ह्यांत सौंदर्य असेल, ज्ञान नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें युरोपांत आहेत. त्यांस कळवावें कीं, ओल्या दिवसानंतर पारा शून्याच्या किंचित् खालीं उतरला आणि वारा पडलेला असला, म्हणजे सूर्योदयापूर्वीं पानझडी रानांत जावें. बिनसालीची काठी शोधावी. ती उचलूं नये, कारण तीच काठी पुढील हिवाळ्यांतही केस धरण्याचा संभव असतो. जवळ एक नाणें ठेवावें, म्हणजे आकार समजतो. दगडफुलाचें एक चित्र कोरडें असतां घ्यावें आणि एक पाणी शिंपडून. ओलें होतांच वरचा पडदा पारदर्शक होऊन आंतील शैवालाचा हिरवा रंग दिसूं लागतो. आणि केसांजवळ कॅमेरा नेतांना श्वास रोखून धरावा. उच्छ्वासाच्या उबेनेंही ते विरतात.