गवत चंद्राची तारीख पाळत नाही

पावसाळा ओसरू लागला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा आसपासच्या गावांतल्या कब्रस्तान कमिटीचे लोक असतात. "सर, गवत कापायचं चांगलं मशीन कोणतं?" शाळामास्तराला सगळे कळते असा समज अजून आपल्या जिल्ह्यात शिल्लक आहे, त्याबद्दल आम्ही अल्लाहचे आभार मानतो. पण या प्रश्नाचे उत्तर दुकानात नाही, दिनदर्शिकेत आहे. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

आधी मशीनची तक्रार ऐकू या. आमच्या जमातीने वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारा ब्रश कटर घेतला. पहिल्या दिवशी मुलांनी हौसेने चालवला. गेल्या फेब्रुवारीत शबेबरातच्या आधी तोच कटर बाहेर काढला, तर दहा मिनिटे चालायचा आणि धाप लागल्यासारखा बंद पडायचा. नायलॉनची दोरी गवतात गुंडाळायची आणि तुटायची. दोरी ओढून ओढून एका मुलाचा खांदा दुखायला लागला. तो वैतागून म्हणाला, "चाचा, मशीनच खराब दिलंय." चाचांचे उभे आयुष्य विळा-खुरप्यात गेलेले. ते म्हणाले, "बेटा, मशीनला कशाला बोल लावतोस? गवत कमरेला लागेपर्यंत तुम्ही सगळे कुठं होता?"

चाचांच्या या एका प्रश्नात सारे आले.

आपल्याकडे कब्रस्तानाची सफाई बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा होते आणि ती शबेबरातला जोडलेली असते. शबेबरात शाबान महिन्याची पंधरावी रात्र. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून ही रात्र इंग्रजी तारखेने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2009 मध्ये ती ऑगस्टच्या सुरुवातीला आली होती, 2012 मध्ये जुलैच्या सुरुवातीला. म्हणजे त्या वर्षांत सफाई ऐन पावसाळ्यात व्हायची. गवत गुडघ्याएवढे, कोवळे, ओले. विळा फिरला की आडवे पडायचे. 2025 आणि 2026 मध्ये शबेबरात फेब्रुवारीत आली. तोपर्यंत गवताने उंची गाठलेली असते, बी पाडलेले असते आणि दांडे वाळून काटक्या झालेल्या असतात. पुढे 2030 मध्ये ती डिसेंबरात येईल. पुन्हा पावसाळ्यात यायला बराच काळ आहे, कारण हे चक्र साधारण 33 वर्षांनी पूर्ण होते.

आपली इबादत चंद्रावर चालते. गवत मात्र सूर्य आणि पाऊस पाहून वाढते. सफाईची तारीख एकाच्या हिशेबाने आणि वाढ दुसऱ्याच्या, मग बिचारे मशीन मध्ये सापडते.

आता गवताचा स्वभाव समजून घेऊ. आंब्याच्या रोपाचा शेंडा खुडला तर वाढ अडते. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा डोळा जमिनीलगत असतो. वरून कापले तरी ते मरत नाही, उलट बुंध्यातून नवे फुटवे काढते. हरळी जमिनीखाली आडवी धावते, लव्हाळ्याला गाठी असतात. म्हणून गवताला मुळासकट संपवू असे कोणी म्हणत असेल तर तो विचार सोडून द्यावा. पण याच स्वभावाचा एक फायदा आहे. वारंवार कापत राहिले तर उंच वाढणारे, काटेरी, जाड दांड्याचे तण हळूहळू मागे पडते आणि बुटकी हरळी जागा धरते. हरळी घोट्याखालीच राहते, माती धरून ठेवते आणि चालायला मऊ असते.

याला एक अपवाद आहे, गाजर गवत. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हे खरे तर गवतच नव्हे. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद 1955 साली आपल्या शेजारच्या पुण्यात झाली आणि परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. एक झाड हजारो बिया पाडते. त्याच्या परागांनी दमा बळावतो, अंगाला लागले की खाज सुटते. वरून कापले तर ते बुडातून पुन्हा फुटते. त्याला मशीन उपयोगाचे नाही. जुलैत माती ओली असताना, फूल येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच उपाय.

मशीनबद्दलही चार गोष्टी सांगतो, म्हणजे वर्गणीचे पैसे वाया जायचे नाहीत. टू-स्ट्रोक कटरच्या पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावेच लागते. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर एक लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली. तेल अंदाजाने ओतू नये. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओलावा ओढून घेते. म्हणून काम संपले की टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. सहा महिने टाकीत तसेच राहिलेले पेट्रोल कार्बोरेटर तुंबवते आणि "मशीन खराब दिलंय" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. हवेची जाळी दर वेळी साफ करावी. गवत कमरेएवढे असेल तर एका दमात बुडातून कापू नये, आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. जाड दांड्यांना लोखंडी पाते लागते, पण कतब्यांच्या जवळ ते चालवू नये. दगडाला लागले की उसळते आणि कतबाही फुटतो. तिथे विळाच बरा. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, पायात बूट असावेत आणि लहान मुले लांब असावीत.

इथे काही वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. कबरीवरचे हिरवे गवत कापू नये, असे त्यांचे म्हणणे. याला आधार आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दोन कबरींवर ओली फांदी चिरून लावल्याची हदीस प्रसिद्ध आहे. हनफी फिकहच्या ग्रंथांत कबरीवरची हिरवळ उगाच उपटणे मकरूह सांगितले आहे, वाळलेले गवत काढायला हरकत नाही. पण कबर वेगळी आणि वाट वेगळी. जनाजा खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला पाय कुठे पडतो ते दिसायला हवे. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. रात्री दफन करायची वेळ आली आणि वाट गवताने झाकलेली असली, तर एका मय्यतीसाठी गेलेल्या माणसांपैकी दुसऱ्याला दवाखान्यात न्यावे लागेल. म्हणून वाटा, दोन कबरींमधली जागा आणि पाण्याच्या टाकीचा परिसर वेळेवर कापावा. कबरीवरच्या हिरवळीबद्दल आपल्या इमामसाहेबांना विचारावे आणि ते सांगतील तसे करावे.

ज्यांना वेळेवर कापणे नको असते, ते दोन आडवाटा सुचवतात. एक, काडी लावणे. वाळलेल्या गवताची आग कुंपणापाशी थांबत नाही. कडुनिंब होरपळतो, कतबे काळे पडतात, शेजारच्या शेतातली गंजी पेटली तर भाईचाराही जळतो. दुसरी, तणनाशक मारणे. ग्लायफोसेट माणसाला बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये म्हटले. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याची अधिसूचना काढली. कब्रस्तानात वझूच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असते, फातिहा पढायला आलेली मुले अनवाणी फिरतात. तिथे पाठीवर पंप घेऊन फवारणे शहाणपणाचे नाही.

मग शहाणपण कुठे शिकावे? फार लांब जायला नको. नगर शहरापासून सोळा-सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळाने उजाड झालेले होते. गावाने ज्या बंद्या ठरवल्या त्यांत कुऱ्हाडबंदी होती आणि चराईबंदी होती. डोंगरावर जनावर सोडायचे नाही, गवत विळ्यानेच कापून आणायचे. 2000 साली सुमारे 100 टन असलेले गवत 2004 मध्ये 6000 टनांवर गेल्याची नोंद आहे. 2020 मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे गवत हवे होते, आपल्याला नको आहे. प्रश्न उलटा आहे, पण उत्तर तेच आहे. मशीनने काही झाले नाही. कोणी, कधी आणि कुठपर्यंत कापायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवले आणि ठरलेले पाळले, म्हणून झाले. त्याच गावात मुस्लिम घर एकच, आणि त्या घरासाठी गावाने मशीद बांधल्याचे अनेकांनी वाचले असेल. ज्यांना गवताचे नियम पाळता येतात, त्यांना एकमेकांची काळजीही घेता येते.

आपणही ठरवू शकतो. वर्षाला तीन पाळ्या पुरतात. पहिली जुलैच्या मध्यात, गवत गुडघ्याखाली असताना. त्याच दिवशी गाजर गवत उपटून टाकावे. दुसरी ऑगस्टच्या मध्यानंतर. तिसरी सप्टेंबरचा मोठा पाऊस झाला की, कुसळीला बी धरण्याआधी. अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीकडे पाऊस लवकर आणि फार, तिथे पाळ्या अलीकडे घ्याव्यात. जामखेड-कर्जतकडे थोड्या पुढे गेल्या तरी चालतील. मग शबेबरात कोणत्याही महिन्यात येवो, त्या वेळी झाडूने पाने लोटण्याएवढेच काम उरेल.

प्रत्येक पाळी एकेका मोहल्ल्याकडे द्यावी, म्हणजे कमिटीच्या दोन माणसांवर सारा भार पडत नाही. मुलांना सोबत न्यावे. आजोबांची कबर कुठे आहे हे त्यांना हाताने गवत बाजूला करताना जसे लक्षात राहते, तसे सांगून राहत नाही. घरातल्या बहिणींनी जुन्या जाड कापडाचे हातमोजे शिवून दिले तर खिदमतीत त्यांचाही वाटा राहतो. कापलेले हिरवे गवत शेजारच्या गरजू गुराख्याला द्यावे, मात्र त्यात गाजर गवत जाऊ देऊ नये.

या महिन्याच्या जमातीच्या बैठकीत एवढाच एक विषय काढा, तीन तारखा ठरवा आणि मशिदीच्या फळ्यावर खडूने लिहून टाका. जुन्या विळ्याला धारही आजच लावून ठेवा.